ज्याचे भय, त्याची नक्कल



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहिलेल्या माणसाने इतिहासावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे, निदान प्रकृतिस्वास्थ्यावर तरी बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. महाड-पोलादपूरच्या मुलखात तर तो संकेत मोडायला छाती लागते. इकडे रायगड, तिकडे तानाजीचे उमरठ, भर गावात चवदार तळे आणि वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ. अशा थोर शेजाऱ्यांच्या पंगतीला आम्ही आज घेऊन आलो आहोत सोंगाड्याला, बहुरूप्याला आणि नकलाकाराला. आणि तेही कॅसिनोच्या, म्हणजे जुगाराच्या घरच्या, नकलाकाराला. विषय ऐकल्यावर चिटणीसांनी आम्हांला विचारले, "पत्रिकेवर नक्की काय छापायचे?" आम्ही म्हटले, "नक्कल एवढेच छापा. जुगाराचे आम्ही सभेत सांगू." तेव्हा आता सांगणे भाग आहे.

हा विषय आम्हांला आपल्या रस्त्याने दिला. मुंबई-गोवा हमरस्ता महाडवरून जातो, पोलादपूरवरून जातो, कशेडी चढतो आणि पुढे कोकण उतरत पणजीला पोहोचतो. या रस्त्याने पूर्वी मुंबईचा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी येत असे, आजही येतो. पण आता याच रस्त्याने दुसरीही एक यात्रा चालते. शनिवार-रविवार गाठून मंडळी पणजीला जातात, मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर चढतात, रात्रभर खेळतात आणि सोमवारी सकाळी आपल्याच फाट्यावर डोळे चोळत चहा पितात. त्यांतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना आम्ही विचारले, "काय पाहिलेत?" ते म्हणाले, "नाच होता, जादू होती, एक नकल्याही होता. चांगला होता." "काय नक्कल केली त्याने?" गृहस्थ बराच वेळ आठवत राहिले. "सिनेमातले आवाज काढले कुणाकुणाचे," एवढेच त्यांना सांगता आले. हरलेला आकडा मात्र त्यांना रुपयापर्यंत पाठ होता.

ते उत्तर आमच्या डोक्यात राहिले. कारण आमच्या लहानपणी पाहिलेली एक नक्कल आम्हांला आज इतक्या वर्षांनीही हालचालींसकट आठवते. सकाळची वेळ. ओटीवर आजोबा पान लावीत बसलेले. एवढ्यात खाकी पोषाखातला, मिशा पिळलेला हवालदार अंगणात उभा राहिला, दंडुका आपटला आणि गरजला, "या घराच्या मालकाच्या नावाने वॉरंट आहे!" आम्ही पोरे माजघरात पळालो. आजोबांच्या हातची सुपारी खाली पडली. मग हवालदाराने वही काढून आरोप वाचायला सुरुवात केली: शेजाऱ्याच्या आंब्याकडे रोज पाहणे, सासुरवाडीला न जाणे, पाहुण्याला दुसरा चहा न विचारणे. तिसऱ्या आरोपाला आजी हसली, तेव्हा आम्हांला कळले की हा बहुरूपी आहे. चार दिवस तो गावात निरनिराळी सोंगे घेऊन फिरला. पाचव्या दिवशी साध्या धोतरात आला. आजीने सुपातून तांदूळ दिले, आजोबांनी वर रुपया ठेवला. विशेष हे की, चार दिवस त्याला घाबरणारे आम्ही, पाचव्या दिवशी खरा हवालदार गावात आला तेव्हा त्याला घाबरलो नाही. त्याच्या मिशा पाहून आम्हांला हसूच येऊ लागले.

आज आपल्यापुढे जे मांडायचे आहे ते सारे या प्रसंगात आहे. लोकांच्या मनात ज्याचे भय असते, त्याची नक्कल चांगली वठते. निदान जी नक्कल माणसाच्या लक्षात राहते, ती अशीच असते.

मराठी रंगभूमीवर आणि फडात हवालदार किती वेळा आला ते पाहा. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार होऊन येत आणि माणसे हसून हसून लोळत. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडक्यांनी हवालदार उभा केला आणि त्या हवालदाराच्या तोंडून राज्यकारभारावर रोज ताजी टीका केली. हजारांवर प्रयोग झाले, पण काल पाहिलेला प्रयोग आज तसाच नसे. सामान्य माणसाला सरकार म्हणजे मंत्रालय दिसत नाही. त्याला सरकार दिसते ते हवालदाराच्या पट्ट्यात. म्हणून सोंगाड्याने तोच पट्टा बांधला.

हा अधिकार आमच्याकडे फार जुना आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या मांडीला मांडी लावून बसे आणि राजाच्या प्रेमप्रकरणांची टिंगल राजाच्याच तोंडावर करी. तमाशात गण झाला, गवळण सुरू झाली की पुरुषच लुगडे नेसून मावशी होतो आणि साक्षात श्रीकृष्णाशी हुज्जत घालतो. आपल्या कोकणच्या नमनातही तीच मावशी, तोच पेंद्या. देवाची टर उडवायला जिथे मोकळीक आहे, तिथे पाटलाची, सावकाराची, भटजीची काय कथा! उत्सवाच्या शेवटी जुन्या काळी ललित होई. त्यात वासुदेव, गोंधळी, चोपदार अशी सोंगे एकामागून एक येत. आजच्या भाषेत सांगायचे तर तो विविध करमणुकीचा कार्यक्रमच होता. फरक एवढाच की तो देवापुढे होई आणि सारे गाव पाहायला बसलेले असे.

इथे कुणी म्हणेल, आमच्याच तालुक्यातल्या शिवथरघळीत बसून समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, आणि समर्थांना तर विनोद रुचत नव्हता. त्यांनी विनोदाची आवड टवाळांकडे दिली आहे. आक्षेप बरोबर आहे. पण त्याच दासबोधातला दुसरा दशक उघडावा. त्यात मूर्खलक्षणे आहेत, पुढे पढतमूर्खाचीही लक्षणे आहेत. तो समास वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमचे निम्मे नातेवाईक येतात, आणि प्रामाणिकपणे वाचले तर आम्ही स्वतःही येतो. माणसाची खोड इतकी बारकाईने टिपणारी नजर ही कोणत्याही नकलाकाराने हेवा करावा अशी आहे. समर्थांचा राग रिकामटेकड्या टवाळीवर होता, असे आम्ही समजतो. दुसऱ्याला हसून स्वतः मोकळे व्हायचे ती टवाळी. ज्यात हसणाऱ्यालाही आपली खोड दिसते ती नक्कल. नाथांची भारुडे या दुसऱ्या जातीची. तिथे सोंग दुसऱ्याचे असते, पण चिमटा ऐकणाऱ्याला बसतो.

आणखी एक उदाहरण या गावात दिलेच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पाण्याला स्पर्श करायला गेले. त्या सत्याग्रहाची हकीगत आपणांस आम्ही सांगायला नको. पण त्यानंतरच्या काळात ती चळवळ खेडोपाडी पोहोचवायला सभा आणि वर्तमानपत्रे पुरी पडली नाहीत. ते काम जलशांनीही केले. सत्यशोधकांच्या जलशाची वाट आधी पडलेली होतीच. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यात गाणी होती, सवालजवाब होते आणि सोंगेही होती. ज्या सावकारापुढे, ज्या जातिवंत मंडळींपुढे पिढ्यानपिढ्या मान खाली घालावी लागली, त्यांचे सोंग दिव्याच्या उजेडात आपल्यातलाच एक जण काढतो आहे, हे पाहून समोर बसलेल्या माणसाची मान वर झाली असेल. भाषणाने माणसाला पटते. पण ज्याला आपण एकदा पोट धरून हसलो, त्याच्यापुढे पुन्हा पूर्वीसारखे वाकता येत नाही.

परदेशातही हेच दिसेल. १९४० साली चार्ली चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर' काढला तेव्हा ज्या माणसाला अर्धे जग भीत होते त्याच्याच मिशा लावून तो उभा राहिला. आणि इतके लांब तरी कशाला जा? धारावीत वाढलेला जॉन राव नावाचा एक कामगार हिंदुस्थान लीव्हर कंपनीत कामाला होता. कंपनीच्या समारंभात त्याने वरिष्ठ साहेबांच्या नकला केल्या. साहेबही हसले, कामगारही हसले, आणि त्या दिवसापासून तो जॉनी लीव्हर झाला.

आता जुगाराच्या घराकडे वळू.

कॅसिनो हा शब्द इटलीचा. 'कासा' म्हणजे घर, त्याचे हे लाडके, धाकटे रूप. व्हेनिस शहरात १६३८ साली सरकारमान्य जुगारगृह उघडले गेले आणि १७७४ साली बंद करण्यात आले. पुढे मोंटे कार्लोचे नाव झाले. तिथे जुगाराच्या दालनांना लागूनच १८७९ साली एक देखणे नाट्यगृह बांधले. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि लास व्हेगसचे वाळवंट दिव्यांनी भरून गेले. तिथे गायक, जादूगार, विनोदवीर आणि नकलाकार यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. रिच लिटल, डॅनी गॅन्स अशा नकलाकारांनी तिथे नाव काढले. २००० साली एका कॅसिनोने तर डॅनी गॅन्सच्या नावाचे स्वतंत्र नाट्यगृहच काढले. म्हणजे तिथे कलावंताला मान नाही असे म्हणण्याची सोय नाही. मान आहे, पैसाही आहे.

मग आमची तक्रार काय? ती समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. सभेतल्या व्यापारी मंडळींना ते जड जाणार नाही. रूलेट नावाचे चक्र असते. त्याच्या युरोपीय प्रकारात ३७ खाचा असतात: १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर रुपया लावून तो आकडा आला तर रुपयाखेरीज ३५ रुपये मिळतात. खाचा ३७ आणि परत येणारे धरून ३६. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरीने २ रुपये ७० पैसे घरमालकाचे. एका फेरीत कोणीही जिंकेल. पण माणूस जितका जास्त वेळ बसेल, तितके हे २ रुपये ७० पैसे पुन्हा पुन्हा कापले जातील. तेव्हा जुगाराच्या घराचा खरा माल कोणता? वेळ. गिऱ्हाईक बसून राहिले पाहिजे. त्याला भूक लागली तर जेवण हजर, तहान लागली तर पेला हजर; आणि हरून मन उदास झाले, आता घरी जावे असे वाटू लागले, की नाच, गाणे आणि नकल्या हजर. हसून झाले की पुन्हा चक्राकडे.

इथे नकलाकार हा जेवणाच्या ताटातले लोणचे झाला. लोणच्याविषयी आम्हांला आदरच आहे. पण लोणचे खायला म्हणून कोणी घरातून निघत नाही.

आणि आता आमचा मूळ सिद्धांत लावून पाहा. त्या जहाजावर बसलेल्या माणसाच्या मनात भय कशाचे आहे? हवालदाराचे नाही, तिथे सारे परवान्याने चालते. सिनेनटाचे तर मुळीच नाही. त्याला भय आहे ते आपल्या रिकाम्या होणाऱ्या खिशाचे, घरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे, आणि हसतमुखाने पाने वाटणाऱ्या त्या घराचे. खऱ्या नकलाकाराने याचीच नक्कल करायला हवी. "आता ही शेवटची खेळी" असे सात वेळा म्हणणारा गृहस्थ, बायकोचा फोन आल्यावर "कामात आहे" म्हणणारा गृहस्थ, उसने मागायला मित्राच्या खांद्यावर हात टाकणारा गृहस्थ: काय सोंगे आहेत ही! आमचा हवालदार बहुरूपी तिथे असता तर त्याने वही काढून आरोप वाचले असते. पण ते वाचल्यावर दहा माणसे जरी उठून घरी गेली, तरी नकल्याची बिदागी कोण देणार? गिऱ्हाइकाची थोडी थट्टा त्या घरात चालते. गिऱ्हाईक शहाणे होईल अशी थट्टा तिथे परवडत नाही. म्हणून तिथला नकलाकार सिनेमातले आवाज काढतो, आणि म्हणून आमच्या त्या गृहस्थांना काही आठवत नाही.

गोव्याची गोष्ट तर विचार करण्यासारखी आहे. तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या खेळांचा मार्ग मोकळा झाला. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने खुद्द गोवेकरांनाच या कॅसिनोंत जायला बंदी केली. मोनाकोचेही तसेच, मोंटे कार्लोच्या जुगारघरात तिथल्या नागरिकाला खेळता येत नाही. बंदीमागचा हेतू चांगला आहे. पण कलावंताच्या बाजूने पाहा. त्या रंगमंचावर उभा राहणारा गोव्याचा विनोदी नट आपल्या वाडीतल्या माणसापुढे उभाच राहू शकत नाही! याच गोव्याच्या माणसांनी १८९२ साली मुंबईत कोकणी तियात्र सुरू केले. त्यातला विनोदी नट आणि कांतार गाणारा गायक आजही मंत्र्यांचे, पाद्र्यांचे, घरमालकांचे वाभाडे काढतो, आणि गोवेकर तिकीट काढून ते ऐकायला जातो. तिथे तो आपल्या माणसांपुढे असतो, आणि त्यांना काय बोचते ते त्याला ठाऊक असते.

आपल्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ साली रद्द केला. तेव्हा आम्ही हात झटकून म्हणू शकतो की, आमच्याकडे जुगाराची घरेच नाहीत, आमचा नकलाकार सुरक्षित आहे. सभ्य गृहस्थहो, तसे नाही. आमच्याकडचे दुसरे एक कागदपत्र पाहा. १९५९ च्या मुंबई भीकप्रतिबंधक कायद्यात भीक म्हणजे काय याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा कसले खेळ करणे या मिषाने जो पैसे मागेल, त्याचे मागणे ही भीकच, असे ती व्याख्या म्हणते. म्हणजे आमच्या अंगणात आलेला तो हवालदार कायद्याच्या नजरेत भिकारी ठरला. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोंगे काढली, त्या बहुरूपी समाजाचे नाव सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्याला ना जमीन, ना गाव, आणि हातातली कलाही गुन्ह्याच्या काठावर.

याहूनही वाईट झाले ते पुढे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा उठली होती. जमावाने त्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती माणसे बहुरूपी नव्हती. पण दारोदार फिरून पोट भरणाऱ्या साऱ्यांना त्या दिवशी एक गोष्ट कळली. पूर्वी परका वेष अंगणात आला की पोरे घाबरत आणि थोरे हसत. आता थोरेच घाबरतात. आमचे भय घालवण्याचे ज्याचे काम, त्याचेच आम्हांला भय वाटू लागले. असे झाल्यावर तो मांडवीतल्या जहाजावर गेला तर त्याला आम्ही कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? तिथे त्याला निदान पगार आहे, जेवण आहे, आणि त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

म्हणून आमचा रोख त्या कलावंतावर नाही. पोट प्रत्येकाला आहे. आमचा प्रश्न आहे तो ऐकणाऱ्यांना, म्हणजे आपणांस आणि आम्हांला. हसण्याचे मोल कोणी द्यायचे?

हे मोल प्रेक्षकाने स्वतः दिले तेव्हा काय झाले याचे दाखले आहेत. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्याने बावन्न माणसे उभी केली. दोघांच्याही मागे नाच नव्हता, शेजारी चक्र नव्हते. माणसे तिकीट काढून केवळ त्यांच्यासाठी आली, आणि स्वतःच्याच चाळीला, स्वतःच्याच वऱ्हाडाला हसून घरी गेली. आपल्या कोकणी गिरणी कामगारानेही हेच केले होते. तो मुंबईच्या कापडगिरण्यांत राबला आणि पदरचे पैसे घालून त्याने परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्या गावची नमने आणि शक्तीतुरे उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तेव्हा नुसता कामगार देशोधडीला लागला नाही; सोंगाड्याचा तिकीट काढणारा धनीही गेला.

तेव्हा शेवटी एक लहानशी, व्यवहारातली सूचना करून आम्ही थांबतो. गणेशोत्सवाची आणि शिमग्याची पट्टी आपण दर वर्षी काढतो. त्यातून मांडव होतो, रोषणाई होते, कर्णे होतात. त्याच पट्टीतला एक ठरावीक भाग, ठरलेल्या तारखेला, आपल्या तालुक्यातल्या सोंगाड्याला, नमनातल्या मावशीला, नकला करणाऱ्या एखाद्या पोराला मानधन म्हणून द्यावा. दोन गाण्यांच्या मध्ये वेळ भरायला त्याला बोलावू नये. त्याच्यासाठी एक संध्याकाळ राखावी. आणि एक अट घालावी: त्याने आमची नक्कल केली पाहिजे. आमच्या नगरपालिकेची करावी, पुढाऱ्यांची करावी, दुकानदारांची करावी, आणि वसंत व्याख्यानमालेत तासभर बोलणाऱ्या वक्त्यांचीही करावी. शनिवारी पणजीला जाणाऱ्या गृहस्थांची तर जरूर करावी. ती पाहून त्यांच्यातले चार जण पुढच्या शनिवारी कशेडीच्या अलीकडूनच माघारी फिरले, तर पट्टीचा पैसा वसूल झाला असे समजावे.

नक्कल काढून घ्यायला समोर बसणे ही सोपी गोष्ट नाही. आमच्या आजोबांच्या हातची सुपारी पडली होती. पण पाचव्या दिवशी त्यांनी सुपातल्या तांदळावर जो रुपया ठेवला, तो त्यांनी कोणी मागितला म्हणून दिला नव्हता.